ऐकू येत असेल तर मान हलवा

बाबांची बायपास झाली त्या रात्री आयसीयूत आम्हाला एकेकालाच सोडत होते, तेही दोन मिनिटं, पायात ती निळी प्लास्टिकची कव्हरं घालून. माझा नंबर आला तेव्हा व्हेंटिलेटर नुकताच काढला होता आणि एक तरुण डॉक्टर बाबांवर वाकून, मोठ्या पण अगदी मायेच्या आवाजात म्हणत होता, "काका, ऐकू येतंय का? ऐकू येत असेल तर नुसती मान हलवा." बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते, बघत होते माझ्याकडेच, पण मान काही हलेना. मी हाक मारली, बाबा, मी आलेय, असं दोन-तीनदा म्हटलं, आणि मग सिस्टर म्हणाली मॅडम आता बाहेर.

बाहेर बाकड्यावर येऊन बसले आणि डोक्यात एक गाणं सुरू झालं ते थांबेचना. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं 'कम्फर्टेबली नम', म्हणजे निवांत सुन्न. कारण ते गाणं बरोबर इथूनच सुरू होतं. डॉक्टर दारावर टकटक केल्यासारखं विचारतो, आत कुणी आहे का, ऐकू येत असेल तर मान हलव. पंचवीसेक वर्षं मी हे गाणं ऐकतेय, त्यातला डॉक्टर मला कायम थंड, जरा धूर्त माणूस वाटायचा, पेशंटला कसंही करून शोसाठी उभं करणारा. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की तो खरंच विचारत असेल. त्यालाही उत्तर हवं असेल.

गाणं माझ्याकडे आलं ते कॉलेजच्या हॉस्टेलवर, नव्वदीच्या शेवटी. रूममेटच्या भावाने 'द वॉल' हा अख्खा डबल अल्बम नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर भरून दिला होता, एक्क्याऐंशी मिनिटांचा अल्बम, जेमतेम बसतो. हे गाणं मूळ रेकॉर्डवर तिसऱ्या बाजूच्या शेवटी येतं, म्हणजे आमच्या कॅसेटवर बी साइडच्या बरोबर मधोमध, त्यामुळे ते शोधायला फॉरवर्ड-रिवाइंड इतकं व्हायचं की शेवटी तेवढ्याच जागी टेप घासून आवाज दबका झाला होता. इंग्लिश शब्द सगळे कळायचे नाहीत. पण एक ओळ लगेच कळली, लहानपणी ताप आला होता तेव्हा माझे हात दोन फुग्यांसारखे वाटायचे अशी. मला नऊ वर्षांची असताना टायफॉइड झाला होता, आजी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची आणि मी रडत सांगायचे की माझी बोटं उशीएवढी झालीत. आजी म्हणायची, काही नाही गं, आहेत तेवढीच आहेत. ते इतकं खाजगी काहीतरी होतं की कुणाला सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं, आणि इंग्लंडमधला एक माणूस तेच गाण्यात सांगत होता. हे त्याचं स्वतःचंच होतं, बँडमध्ये शब्द लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सने नंतर सांगितलंय की लहानपणी १०५ डिग्री तापात तो असाच भ्रमात गेला होता.

बाकीची गोष्ट १९७७ च्या जूनअखेरची. अमेरिकेत टूर चालू होती, फिलाडेल्फियाच्या शोआधी वॉटर्सच्या पोटात भयंकर कळा यायला लागल्या. डॉक्टर आला, स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं आणि तो स्टेजवर गेला. शो झाला. हात उचलता येत नव्हता, बोटं आपली वाटत नव्हती, समोर हजारो लोक ओरडत होते आणि हा कुठेतरी लांबून सगळं बघत होता. आयुष्यातले सगळ्यात लांब दोन तास होते ते, असं त्याने सांगितलंय. त्याला हेपटायटिस झाला होता हे पुढे कळलं. त्यानंतर काही दिवसांतच, ६ जुलैला, मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये त्याच टूरच्या शेवटच्या शोला तो पुढच्या रांगेतल्या एका चाहत्यावर थुंकला आणि त्याची त्याला स्वतःलाच इतकी शिसारी आली की आपण आणि ऐकणारे यांच्यामध्ये एक भिंत आहे ही कल्पना तिथे जन्मली. लोक थुंकण्याची गोष्ट नेहमी सांगतात. मला इंजेक्शनची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे राग नाही. तिथे फक्त एक माणूस आहे ज्याला ऐकू येतंय पण उत्तर देता येत नाही.

पण चाल वॉटर्सची नव्हती, निदान जिथे गाणं उघडतं, आभाळात जातं, ती तरी नव्हती. ती बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मरची. १९७८ मध्ये तो फ्रान्समध्ये नीसजवळच्या डोंगरातल्या सुपर बेअर स्टुडिओत स्वतःचा पहिला सोलो अल्बम करत होता, काम संपत आलं तेव्हा एक चाल सुचली, त्या अल्बमात घ्यायला उशीर झाला होता म्हणून तिचा नुसता कच्चा डेमो करून ठेवला. शब्द नाहीत, नुसती ला ला. 'द वॉल' करताना ती पुढे आली. 'द डॉक्टर' हे त्याचं कामचलाऊ नाव. कडवी वॉटर्स गातो, तो डॉक्टर. ध्रुवपद गिल्मर गातो, तो पेशंट. दोघांचे आवाजही तसेच आहेत, एकाचा कोरडा, बोलल्यासारखा, दुसऱ्याचा धुक्यातून येणारा. सव्वीस गाण्यांच्या त्या अल्बमवर गिल्मरचं नाव संगीतकार म्हणून फक्त तीन गाण्यांवर आहे, त्यातलं हे एक, आणि लोकांनी सगळ्यात जास्त उराशी धरलं तेही हेच.

आणि मग भांडण. एकमेकांशी पटेनासं झालेलंच होतं, पण या गाण्यावरून त्यांची जास्तच जुंपली. निर्माता बॉब एझ्रिन आणि वॉटर्स यांना मायकेल केमनने बांधलेला ऑर्केस्ट्रा हवा होता, मोठा, भरलेला. गिल्मरला तो पसारा नको होता, त्याला उघडं, खरखरीत, गिटारवर उभं असलेलं गाणं हवं होतं, ड्रमही पुन्हा वाजवून घ्यावेत असं त्याचं म्हणणं. लॉस एंजेलिसला, नॉर्थ हॉलिवूडमधल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसून यावरून आरडाओरड झाली म्हणे. शेवटी तोडगा निघाला तो असा, की गाण्याचा मोठा भाग ऑर्केस्ट्रासकट वॉटर्स-एझ्रिनच्या मनासारखा आणि शेवटचा सोलो, म्हणजे नुसत्या गिटारचा लांब तुकडा, गिल्मरच्या मनासारखा. वाटणी केली, शेतजमिनीची करतात तशी. गिल्मरने पुढे म्हटलंय की वॉटर्सबरोबर एकत्र काम करता येण्याची जी शेवटची धुगधुगी होती ती या गाण्यात आहे.

त्या शेवटच्या सोलोबद्दल जरा थांबून लिहिते, कारण माझा सगळा जीव तिथे आहे. गिल्मरने पाच-सहा वेळा वेगवेगळे सोलो वाजवून रेकॉर्ड केले. मग प्रत्येक टेक ऐकत कागदावर खुणा केल्या, या मात्रांत हा चांगला, इथे तो बरा, बरोबर-चूक अशा टिक-फुल्या मारत, आणि त्या तुकड्यांतून मिक्सिंगच्या टेबलावर एक सोलो जोडला. म्हणजे आपण ज्याला एका दमात निघालेला हुंदका समजतो तो गोधडीसारखा शिवलेला आहे. हे कळल्यावर काही लोक हिरमुसतात. मला उलट ते फार आवडलं. माणूस महत्त्वाचं काही बोलायचं असलं की मनात पाच-सहा वेळा बोलून बघतोच ना.

आणि दुसरी गोष्ट मला खूप उशिरा लक्षात आली, भाचा गिटार शिकत होता त्याच्याबरोबर बसून कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, बघताना. डॉक्टरची कडवी बी मायनर या उदास स्केलमध्ये आहेत. पेशंटचं ध्रुवपद डी मेजर या उजळ स्केलमध्ये, आणि पहिला सोलोही त्याच ध्रुवपदाच्या कॉर्डवर, गोड, तरंगणारा, औषध चढल्यासारखा. पण शेवटचा मोठा सोलो ध्रुवपदावर नाहीये! तो डॉक्टरच्या कडव्याच्या कॉर्डवर आहे, बी मायनर, ए, जी, तीच उतरण जिच्यावर तो आत कुणी आहे का म्हणून विचारत होता. म्हणजे शब्द संपल्यावर, पेशंटला पुन्हा उभं केल्यावर, गिटार डॉक्टरच्या जागी जाऊन उत्तर देते. तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात, ते गिल्मर असं करतो की सूर पोचायच्या आधी क्षणभर पोचतो की नाही अशी धाकधूक होते. आत कुणी आहे का? आहे. पण त्याला बोलता येत नाही, म्हणून हे.

स्टेजवर हे पहिल्यांदा झालं फेब्रुवारी १९८० मध्ये, लॉस एंजेलिसला. आधी एक भिंत, साधारण चाळीस फूट उंच आणि एकशेसाठ फूट रुंद, पुठ्ठ्याच्या विटांची, पहिल्या भागात कामगार ती एकेक वीट रचत बांधायचे, मध्यंतरापर्यंत बँड पूर्ण झाकला जायचा. मध्यंतरानंतर समोर नुसती पांढरी भिंत. या गाण्याला वॉटर्स भिंतीच्या पुढे, खाली, डॉक्टरचा पांढरा कोट घालून एकटा उभा, कडवं म्हणायचा, त्याच्यावरचा लाइट जायचा, आणि चाळीस फुटांवर, भिंतीच्या माथ्यावर, पाठीमागून झगझगीत प्रकाश पडून गिल्मर दिसायचा. लोक खाली बघत असायचे, सगळ्यांच्या माना एकदम वर. गिल्मरने सांगितलंय की तो तिथे अंधारात वाट बघत थांबलेला असायचा, वर उचलणाऱ्या लिफ्टवर ठेवलेल्या एका चाकांच्या पेटीवर, सगळं डुगडुगणारं, मागून एकजण धरून ठेवायचा.

हे दृश्य मी पुढे शंभरदा बघितलं असेल व्हिडिओवर, आणि दरवेळी वाटतं की त्या दोघांमध्ये जे चाललं होतं ते कुणी मुद्दाम मांडायला बसलं असतं तरी इतकं नेमकं मांडता आलं नसतं. एक खाली, एक वर. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आणि तिसरा, रिक राइट, कीबोर्डवाला, त्याला अल्बम करतानाच बँडमधून काढून टाकला होता आणि या टूरला तो पगारावर भिंतीमागे वाजवत होता. टूर इतकी खर्चिक होती की बाकी तिघांना तोटा झाला, फायदा झाला तो पगार घेणाऱ्या राइटला. मला त्याचं फार वाईट वाटतं आणि या हिशोबाने थोडं बरंही वाटतं. असे एकंदर ३१ शो झाले, लॉस एंजेलिस, न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंड, लंडनचं अर्ल्स कोर्ट, जर्मनीत डॉर्टमुंड, पुन्हा अर्ल्स कोर्ट. शेवटचा १७ जून १९८१.

मग घर फुटलं. वॉटर्स बाहेर पडला, कोर्टबाजी झाली, आणि गाणं दोघांकडे गेलं, अर्धं-अर्धं. गिल्मरच्या पिंक फ्लॉइडकडे पेशंट होता पण डॉक्टर नव्हता, म्हणून कडवी बाकीचे मिळून म्हणायचे, राइट आणि सोबतचे वादक. वॉटर्सकडे डॉक्टर होता पण पेशंट नव्हता. २१ जुलै १९९० ला बर्लिनमध्ये, खरी भिंत पडून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, पॉट्सडॅमर प्लाट्झच्या त्या मोकळ्या पडलेल्या पट्ट्यात वॉटर्सने अख्खा 'द वॉल' केला, तेव्हा ध्रुवपद व्हॅन मॉरिसन गायला, सोबत 'द बँड' या गटाचे रिक डॅन्को आणि लेव्हन हेल्म, आणि भिंतीवर उभं राहून गिटार वाजवली रिक डी फॉन्झो आणि स्नोई व्हाइट यांनी. मॉरिसनचा आवाज जबरदस्त आहे, पण तो सुन्न झालेला माणूस वाटत नाही, तो पूर्ण जागा आहे. गिल्मरच्या बाजूला १९९४ चं अर्ल्स कोर्ट. तिथे सोलो चालू असताना प्रेक्षकांच्या मधून एक प्रचंड आरशांचा गोळा वर जातो, पाकळ्या उघडतात, अख्ख्या हॉलच्या भिंतींवर प्रकाशाचे ठिपके फिरायला लागतात आणि गिल्मर मात्र एका जागी, साध्या टीशर्टात, मान खाली घालून वाजवतोय. मला विचाराल तर वाजवणं म्हणून हेच सर्वोत्तम.

२ जुलै २००५, लंडनचं हाइड पार्क, 'लाइव्ह एट' हा गरिबीविरोधातला कार्यक्रम. चोवीस वर्षांनी चौघं, वॉटर्स, गिल्मर, राइट आणि ड्रमवाला निक मेसन, एका स्टेजवर. बॉब गेल्डॉफने जमवून आणलं, ज्याने १९८२ च्या 'द वॉल' सिनेमात त्या सुन्न पेशंटचंच काम केलं होतं. चार गाण्यांचा छोटासा सेट, शेवटचं हे. भिंत नाही, लिफ्ट नाही, सगळे एकाच पातळीवर, वॉटर्स आणि गिल्मर हाकेच्या अंतरावर. मी ते काही दिवसांनी सायबर कॅफेत बसून टपालाच्या तिकिटाएवढ्या खिडकीत बघितलं. संपल्यावर गिल्मर निघाला होता, वॉटर्सने हात करून बोलावलं, चौघांनी खांद्यावर हात टाकले. गिल्मरचा चेहरा बघा त्यात, तो खूश नाहीये, अवघडलाय. तरी आला. चौघं एकत्र असे पुन्हा कधीच वाजवायला उभे राहिले नाहीत, कारण सप्टेंबर २००८ मध्ये राइट कॅन्सरने गेला. जायच्या आधी, मे २००६ मध्ये, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गिल्मरच्या शोला अचानक गायक डेव्हिड बोवी येऊन डॉक्टरची कडवी गाऊन गेला, तेव्हा राइट कीबोर्डवर आहे, त्याचे ते ऑर्गनचे लांब धरलेले सूर, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि जे काढले तर गाणं जमिनीवर आपटेल.

आणि फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत आला. बांद्रा-कुर्ला संकुलाचं मैदान. मी आणि धाकटा भाऊ पुण्याहून शिवनेरीने गेलो, ऑफिसात अर्धा दिवस टाकून, बाबा म्हणाले होते एवढे पैसे तिकिटाला, आणि तरी जाताना त्यांनीच भावाच्या खिशात पाचशेची नोट कोंबली होती. धूळ खूप होती. आजूबाजूला पन्नाशीचे लोक, इस्त्रीचे शर्ट घातलेले, ऑफिसातून थेट आलेले, आणि त्यांची कॉलेजातली मुलं. गाणं अगदी शेवटी आलं. वॉटर्सने पहिली ओळ म्हटली आणि पुढची सगळ्या मैदानाने म्हटली, माझ्या शेजारचे एक काका डोळे मिटून, मान हलवत. खरंच मान हलवत होते ते. सोलो डेव्ह किलमिन्स्टर आणि स्नोई व्हाइट यांनी वाटून वाजवला. स्नोई व्हाइट म्हणजे तोच, १९८० ला लॉस एंजेलिसच्या भिंतीमागे दुसरी गिटार वाजवणारा, बर्लिनच्या भिंतीवर चढलेला, आता आमच्यासमोर. मला गिल्मर हवा होता हे खरं आहे. पण दोन माणसं एकाचं काम वाटून करतायत आणि तरी जागा भरत नाहीये, ती मोकळी जागा ऐकणं हाही एक अनुभव होता. भाऊ परतीच्या बसमध्ये काही बोलला नाही. लोणावळा गेल्यावर एवढंच म्हणाला, ताई, कडवी मात्र त्याचीच.

१२ मे २०११ ला, लंडनच्या ओ टू मध्ये, गिल्मर पुन्हा भिंतीवर चढला. आदल्या वर्षी एका चॅरिटी कार्यक्रमासाठी गिल्मरने वॉटर्सला एक जुनं गाणं गायची गळ घातली होती, हे केलंस तर मी तुझ्या एका शोला येऊन 'कम्फर्टेबली नम' वाजवीन, आणि शब्द पाळला. वॉटर्सची 'द वॉल'ची नवी टूर चालू होती, २१९ शोची, बाकी सगळ्या रात्री वर दुसरे लोक असायचे. त्या एका रात्री लाइट वर गेला आणि तिथे तो. वॉटर्स खाली, भिंतीला पाठ लावून, हात पसरून, वर बघतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आहे की तिथे साठीच्या पलीकडचा माणूस दिसत नाही. मग तो भिंतीवर मुठी आपटतो आणि पडद्यावरची भिंत रंगांनी फुटते. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर, रात्री दोन वाजता, एक इअरफोन कानात आणि दुसरा कान हाकेसाठी मोकळा ठेवून मी हेच बघत होते.

२०२२ च्या टूरला वॉटर्सने या गाण्याने सुरुवात केली, संथ, काळोखी, आणि सोलो काढून टाकून. त्या जागी गायिका शनाय जॉन्सनचा शब्दांवाचूनचा आक्रोश. मला पहिल्यांदा ऐकून राग आला होता, खूप, वाटलं की वाटणीत दुसऱ्याचं शेतच नांगरून टाकलं. नंतर मान्य केलं की त्या आवाजातही काहीतरी आहे, मोडून पडलेलं शहर आहे. पण उत्तर नाही. गिल्मरची ती काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार, ज्यावर मूळ सोलो वाजला, ती २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली आणि सगळे पैसे त्याने हवामान बदलावर काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. २०२४ ला तो दुसऱ्या गिटारवर वाजवत होता, शेवटचं गाणं अजूनही हेच.

बाबा नऊ दिवसांनी घरी आले. महिनाभराने, संध्याकाळी चहा घेताना, मी विचारलं की त्या रात्री आम्ही हाका मारत होतो ते कळत होतं का. म्हणाले, "तू दिसत होतीस की. तोंड हलत होतं तुझं. पण काय म्हणतेस ते ऐकूच येत नव्हतं." कप खाली ठेवून मी आत जाऊन फोन आणला. गाण्यात हेच वाक्य आहे, जवळजवळ असंच. त्यांना लावून दिलं, प्रत्येक ओळीचा अर्थ सांगत. ते बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरून ऐकत राहिले, सोलो आला तेव्हा मी गप्प बसले. रेकॉर्डवरचं गाणं संपत नाही, सोलो चालू असतानाच आवाज हळूहळू विरत जातो. बाबा म्हणाले, "बंद पडलं का गं? वाजवत होता की तो अजून." मग मी अर्ल्स कोर्टचं लावलं, साडेनऊ मिनिटांचं, त्यात तो शेवटपर्यंत वाजवतो.